पॉइंटाला हळदकुंकू

आमच्या शहापूरच्या घरासमोर माझ्याहून थोरली, पेट्रोलवरची मोटार उभी असते. उभी असते, हे मुद्दाम सांगते. गाडी बाबांची. मागच्या दिवाळीत लाखनीच्या आत्याने, म्हणजे बाबांच्या मोठ्या बहिणीने, सगळ्यांसमोर विचारलं, "भाऊ, हे भंगार कायले पोसून राहिला?" बाबा भडकले. येत्या दसऱ्याला सोनं द्यायला याच गाडीने तुझ्या दारात येईन, नाही आलो तर दुसऱ्या दिवशी भंगारात देईन, असं बोलून बसले. तोंडावर ताबा नसणं हा आमचा खानदानी वारसा; माझ्या वाट्यालाही भरपूर आलाय.

दसऱ्याच्या सकाळी बाबांनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून आतले पॉइंट घासले. हे इवलेसे दोन तुकडे उघडमीट करतात, तेव्हाच इंजिनात ठिणगी पडते. तेवढ्यात आई पूजेचं ताट घेऊन आली आणि बॉनेटला बोट लावणार, तर बाबा म्हणाले, "वरून काय लावून राहिली? खरा जीव इथं हाये." आईने भक्तिभावाने पॉइंटांना ओलं हळदकुंकू लावलं. मीही हात जोडले.

मग टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते जुळवणं. मी बल्बची तार धरायची, बाबांनी डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवायचा. पॉइंट मिटले की बल्ब विझतो, उघडले की पेटतो. पेटेल त्या जागी आवळायचं. आमचा बल्ब विझेचना. कसाही फिरवा, समईसारखा तेवत राहिला. "पाह्य, कसा प्रसन्न हाये," म्हणत बाबांनी अंदाजाने आवळून टाकलं. गाडीने हूं की चूं केलं नाही. शेजारी जमले, त्यांनीही बल्बचं कौतुक केलं. दुपारी बाबा गाडीची कागदपत्रं काढून पायरीवर बसले, तेव्हा मला खरंच भडभडून आलं. उद्या गाडी जाणार होती.

वाट पाहून कंटाळलेली आत्या शेवटी बसने स्वतःच येऊन थडकली. चप्पल न काढता बॉनेटमध्ये वाकली.

"हे लाल-पिवळं काय हाये?"

"पूजा केली ना, बाई."

"भाऊ, कुंकू कपाळाले लावतेत. डोळ्यात घालतेत का?"

तिने बाबांच्या खांद्यावरचा नवाकोरा दुपट्टा ओढला, पेट्रोलमध्ये बुडवला आणि पॉइंट पुसले. बल्ब विझला. विझलेल्या बल्बसाठी आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी पुन्हा टायमिंग लावलं आणि गाडी खोकत खोकत सुरू झाली.

आत्या पुढच्या सीटवर जाऊन बसलीही. "चाल, मले घरी पोचव. अजून दसराच हाये. दारात आली तं वाचली."

भंगार म्हणणारी हीच. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

दिवस मावळायच्या आत गाडी लाखनीला तिच्या दारात उभी होती. आत्या आत गेली आणि ओवाळणीचं ताट घेऊन बाहेर आली. बाबा धावत जाऊन दोन्ही हात पसरून बॉनेटवर पालथे पडले.

"बाई, गाडी राहू दे. मलेच ओवाळ."