मुरबाडचा मेक्सिकन मसाला आणि हिंगाचा खडा

शेफने बरणीचं झाकण उघडलं, आत नाक घातलं आणि झाकण परत लावलं. मग परत उघडलं. परत नाक घातलं.

"काका," तो म्हणाला, "इसमें हिंग किसने डाला?"

बाहेर पाऊस चालू होता. दाराशी माझं गाठोडं बांधून ठेवलेलं. चादर, दोन कपडे, ताट आणि तांब्या. दुसऱ्या दिवशी मला कसाऱ्याला कामावर जायचं होतं. मसाल्याची पहिली बरणी शेफच्या ताब्यात द्यायची आणि निघायचं, एवढंच राहिलं होतं. मी बायकोकडे बघितलं. ती चुलीपुढे बसली होती. तिने मान वर केली नाही.

आता हे सगळं सुरुवातीपासून सांगतो.

माझा धंदा मसाला कुटण्याचा. मुरबाडला बाजाराच्या मागे माझा डंक होता, त्याच्याच पाठीला घर. डंक म्हणजे मसाला कुटायचं मशीन. खाली लोखंडी उखळ, वर लोखंडी मुसळ, मोटर चालू केली की मुसळ वरखाली होतं. चक्कीत मसाला दळला की तापतो आणि त्याचा वास मरतो. डंकात कुटला की वास राहतो. म्हणून बाया लांबून पिशव्या घेऊन डंकावर येतात आणि आपला मसाला कुटून होईपर्यंत हलत नाहीत. आपली मिरची दुसरीच्या पिशवीत जाईल अशी त्यांना भीती असते.

उन्हाळ्यात मला मान वर करायला फुरसत नसे. पत्र्याला भोकं होती. त्यातून उन्हाच्या काठ्या आत यायच्या आणि त्यांच्यात लाल धूळ तरंगत राहायची, खाली बसायचीच नाही. धप, धप, धप. दुपारी त्या आवाजात मला उभ्या उभ्या झोप लागायची. झोपेतसुद्धा मी शिंकायचो. बायको म्हणायची, "शिंक आली म्हंजी हाय जिता."

पाऊस लागला की डंक बंद. पावसात मसाला कोणी करत नाही. म्हणून दर पावसाळ्यात मी कसारा घाटात जायचो. घाटात दरडी पडतात. रस्त्यावर आलेली माती आणि दगड उचलायला मुकादम माणसं घ्यायचा. ताडपत्रीखाली राहायचं, गणपतीला घरी यायचं. आदल्या वर्षी वरून दगड आला आणि माझा खांदा सोलून गेला. हातभर इकडे आला असता तर विषय संपला होता. तेव्हापासून बायकोने एकच धरलं.

"औंदा घाटात जायाचं नाय."

"मग खायाचं काय गो?"

"बघू."

बघू म्हणून चूल पेटत नाही. मी मुकादमाला येतो म्हणून सांगितलं होतं.

त्याच उन्हाळ्यात हा शेफ आला. शेफ म्हणजे मोठ्या हॉटेलातला मुख्य आचारी. याचं नाव रॉनी. टोकावड्याच्या बाजूला एक नवीन रिसॉर्ट झालं होतं. तेव्हा दोन हजार साल उजाडायच्या आसपासचा काळ, मुंबईच्या कंपन्या आपली माणसं शनिवार-रविवार तिकडे आणायच्या. रॉनी गोव्याकडचा, आधी जहाजावर स्वयंपाकी होता. त्याने खिशातून एक पत्र्याचा डबा काढला. तळाला चिमूटभर लाल भुकटी होती.

"काका, ये मेक्सिको का मसाला है. पार्टीला लोक मागतात. विकतचा आणला तर भुसा लागतो. तुम्ही घरगुती बनवून द्याल?"

मेक्सिको कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. मी चौथी शिकलेला. आजही नकाशात बोट ठेवता येणार नाही. पण वासाला नकाशा लागत नाही. मी हुंगलं. मिरची, जिरं, लसूण, कांदा. आणि कसला तरी पाला. बायकोने डबा हातात घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ तशीच राहिली. मला वाटलं हिला झोप लागली.

"ओव्याच्या जातीचा कायतरी हाय," ती म्हणाली.

"ओरेगानो," रॉनी म्हणाला. "तो सुका पाला मी आणून देतो."

पहिला नमुना फसला. बायकोने आपल्या रीतीने मिरची तेलाच्या हाताने भाजली, धणे ओंजळभर घातले, वर लवंग-दालचिनी. रॉनीने जिभेवर ठेवलं.

"मावशी, लवंग क्यों डाला?"

"लवंग नाय तर तो मसाला कसला?"

"तेल पण नको. तेलाने लवकर खवट होतो. ये लोग का सब कम-कम होता है."

"मग गरीब असतील बिचारे," बायको म्हणाली.

रॉनी इतका हसला की त्याला ठसका लागला. मग तो उखळाच्या बाजूला पोत्यावर बसला आणि नीट सांगायला लागला. मिरची रंगाला बेडगी, तिखटाला थोडी लवंगी. मिरचीला धुराचा वास पाहिजे. जिरं तेवढं कोरडं भाजायचं. लसूण आणि कांदा वाळवून त्याची पूड. पाला शेवटी, हाताने चुरून, कारण डंकात घातला तर त्याची माती होते. मीठ मसाल्यात नको, जेवण करताना घालायचं. मीठ हवेतली ओल ओढतं.

धुराचं काम बायकोने केलं. आमच्या चुलीवर बांबूचं तट्टं टांगलेलं होतं. त्यावर सुके बोंबील असायचे. ते तिने काढले, तट्टं घासून उन्हात टाकलं आणि त्यावर मिरच्या पसरल्या. खाली आंब्याचं लाकूड, जाळ नाही, नुसता धूर. कांदा-लसणाच्या चकत्या अंगणात सुपांमध्ये वाळत होत्या. त्या दिवसांत घरात असा वास भरला होता की मला रोज एकच स्वप्न पडायचं. कुठलं तरी गाव आहे, लाल मातीचं, आपल्यासारखंच, पण तिथली माणसं काय बोलतात ते कळत नाही. बायको मात्र त्यांच्याशी बोलते आहे. सकाळी तिला सांगितलं तर म्हणाली, "मी काय बोलत व्हती ता ऐकायचं ना."

दुसरा नमुना रॉनीने हुंगला आणि नुसती मान डोलावली. मग त्याने पुऱ्या पावसाळ्याचा मसाला सांगितला. सगळा एकदम कुटून ठेवायचा. रिसॉर्टच्या किचनला ओल होती म्हणून बरण्या आमच्याकडेच राहणार, तो लागेल तसा घेऊन जाणार. मला ते सोयीचं होतं. काम उन्हाळ्यात उरकेल, मी कसाऱ्याला मोकळा. बायकोने सगळा मसाला कपड्यातून गाळला आणि चिनी मातीच्या बरण्यांत दाबून भरला. झाकण लावून वर फडकं बांधलं.

आणि फडकं बांधायच्या आधी प्रत्येक बरणीत हिंगाचा एक खडा ठेवला.

आमच्याकडे मसाल्याच्या बरणीत हिंगाचा खडा ठेवतातच. कीड लागत नाही. तिच्या आईने ठेवला, आजीने ठेवला. ठेवू का म्हणून विचारायची ती गोष्टच नाही. आपल्या मसाल्याला ते चालतं. तो स्वतःच दांडगा असतो, हिंगाला दाबून टाकतो. पण हा कम-कम वाला मसाला. बंद बरणीत, पावसाळी हवेत, हिंग त्याच्या छातीवर बसला.

तर रॉनीने विचारलं, हिंग कोणी घातला.

"मी ठेवलाय," बायको चुलीपासून म्हणाली. "नाय तर किडं पडतील."

"मावशी, मेक्सिकोचा माणूस हे खाऊन रडेल."

"रडू दे की. मिरची खाऊन पन रडतोच ना?"

मला हसू आलं नाही. शनिवारी त्याच्याकडे मोठी पार्टी होती. मालाचे पैसे त्याने आधी दिलेले. मी खडे काढले, मसाला परातीत पसरला, वारा घातला. ऊन नव्हतं. हिंग हलायला तयार नाही. मला बायकोचा राग आला आणि तो मी बोलून दाखवला. ती म्हणाली, "वराडून वास जात असंल तर वराडा."

रॉनी मात्र तट्ट्याकडे बघत होता. त्यावर धुरावलेल्या मिरच्या अजून उरल्या होत्या. डब्यात कांदा-लसणाच्या चकत्या होत्या, कडकडीत. त्याच्या जीपमध्ये पाल्याचं पाकीट होतं.

"काका, शनिवारपुरता आत्ता कुटता येईल?"

पावसात डंक चालवायचा म्हणजे उखळ ओलं, गार, आणि त्याला जुन्या मसाल्याचा वास. मी बायकोला हाक मारली. तिने मूठभर तांदूळ तव्यावर भाजून आणले. आधी ते गरम तांदूळ कुटायचे. ते उखळातली ओल पितात, जुना वास खातात. मग ते झटकून टाकायचे. उखळ स्वच्छ होतं. मी मिरची टाकली, जिरं टाकलं, चकत्या टाकल्या.

धप, धप, धप. पावसात डंकाचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. उन्हाळ्यात तो आवाज तापलेला असतो. पावसात तो लांबून आल्यासारखा येतो, शेतापलीकडे कोणी तरी दुसराच माणूस कुटत असावा तसा. धूळ उडत नव्हती, जागेवरच तरंगत होती. रॉनीने पाला हाताने चुरला आणि वरून सोडला. तो वास असा उठला की बाजारातली माणसं छत्र्या घेऊन दाराशी थांबली. रॉनी डोळे मिटून उभा होता. जहाज कुठल्या तरी बंदराला लागायचं, तिथे रस्त्यावर बायका तव्यावर मक्याच्या भाकरी भाजायच्या, असं काही तरी तो बोलत होता. आम्हाला बोलत होता की स्वतःला, ते कळलं नाही.

मग त्याने डोळे उघडले.

"काका, हे साठवायचंच नाही. मिरची, जिरं, चकत्या अख्ख्या ठेवा. दर आठवड्याला आठवड्याचं कुटा. वास असाच पाहिजे मला."

"दर आठवड्याला?" मी म्हणालो. "मी उद्या घाटात चाललो. गणपतीला येईन."

"मग कुटणार कोण?"

बायको उठली. दाराशी गेली, खाली बसली आणि माझ्या गाठोड्याची गाठ सोडायला लागली. पावसाने दोरी फुगली होती, सुटेना. तिने दात लावले. मग चादर काढून वळणीवर टाकली, ताट आणि तांब्या चुलीशी नेऊन ठेवले. मला विचारलं नाही, रॉनीलाही नाही.

"फुडच्या शनवारी या," ती रॉनीला म्हणाली. "ताजा भेटंल."

मी मुकादमाला निरोप धाडला.

पुढे किती तरी पावसाळे मी घरी काढले. रॉनीचं बघून आणखी दोन हॉटेलवाले आले, मग बायाही पावसात थोडा थोडा मसाला कुटायला आणू लागल्या. हिंगाचा तो मसाला आम्ही वालाच्या आमटीला संपवला. पुरा पावसाळा वालाच्या आमटीला मेक्सिकोचा वास. शेजारीण वाटी घेऊन यायची आणि विचारायची, "वैनी, काय घातलंस गो?" बायको सांगायची, "फारेनचा हाय."

मी तिला एकदा विचारलं, हिंग मुद्दाम ठेवलास का. ती म्हणाली, "तुमी यडं हाव का? मसाल्यात हिंग ठेवत्यात." ते खरंच होतं. तिला तेवढी कपटं येत नव्हती.

रॉनी परत जहाजावर गेला. रिसॉर्टचा मालक बदलला. डंक मी विकला. बायको जाऊन आता दोन पावसाळे झाले. ती नसताना मी पावसात घरीच असतो. घाटात जायचं वय नाही, अडवणारं कोणी नाही. दुपारी पत्र्यावर पाऊस पडतो, तेव्हा डोळा लागला की धप, धप ऐकू येतं. जाग आली की नुसता पाऊस.

कोणाला हा मसाला करायचा असेल तर एवढं लक्षात ठेवा. मिरची धुरावर, जिरं कोरडं, तेल नाही, मीठ नाही. सगळं अख्खं ठेवा, लागेल तेवढंच कुटा. ओला चमचा घालू नका. कुटून ठेवलेल्याचा वास उडतो, कितीही झाकण लावा.

हिंगाचा उडत नाही. तिची एक बरणी माझ्याकडे आहे. राखेने घासली, गरम पाण्याने धुतली, उन्हात ठेवली. तरी येतोच. आता मी ती धूत नाही.