मी मान हलवली

मंडळी, सकाळपासून ऑफिसात नुसता बसून आहे. फाईल उघडलीय, पण वाचली जात नाही.

मुलगी दुसरीत आहे. मोताळ्यात शाळेसमोरचा रस्ता मीच तिला रोज पार करून देतो. हात धरला की तिला मैत्रिणींसमोर लाज वाटते, म्हणून नुसता शेजारी उभा राहतो; रस्ता मोकळा झाला की मान हलवतो.

आज पलीकडून ओळखीच्या चहावाल्याने विचारलं, "साहेब, चहा पाठवू का ऑफिसात?"

मी मान हलवली. मुलीने रस्त्यात पाऊल टाकलं.

दप्तराचा पट्टा हाताला लागला, तोच धरून मागे ओढलं. सोयाबीनची ट्रॉली अगदी समोरून गेली.

"काऊन निघाली माय?"

"तुम्ही मान हालवली ना, पप्पा. मी त रोज तुमच्याकडेच पाह्यतो."

दोन वर्षं मी गाड्या बघत होतो आणि ती माझं तोंड. रस्ता बघायला तिला मी शिकवलंच नाही.

चहा आला होता. टेबलावर तसाच निवला.

उद्या रस्ता पार करताना आपल्या लेकराच्या डोळ्यांकडे एकदा बघा. ते गाड्यांकडे बघतंय की तुमच्याकडे?