मेथॅनॉलवरची रिक्षा

वाशीमजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक आहे. आमचे विभागप्रमुख मला पहिल्या दिवसापासून आवडले नाहीत, त्यांनाही मी नाही. "तुम्ही नळ फिरवा, डोकं मी चालवतो," असं ते चारचौघांत म्हणायचे.

मेथॅनॉलपासून हायड्रोजन काढून त्यावर रिक्षा चालवायचा प्रकल्प त्यांनी घेतला. मेथॅनॉल आणि पाण्याची वाफ तापलेल्या नळीतल्या तांब्याच्या भुकटीवरून सोडायची, की हायड्रोजन निघतो. सोबत थोडा कार्बन मोनॉक्साइडही येतो. तो काढून टाकला नाही, तर रिक्षाला वीज देणारा फ्युएल सेल निकामी होतो. वर्षभर ती नळी मी सांभाळली. हात माझे भाजले. पाटीवर नाव त्यांचं एकट्याचं.

बाहेरचे तज्ज्ञ पाहणीला येणार होते, त्या सकाळी मी मोनॉक्साइड मोजणारा मीटर पाहिला. वायू साफ होत नव्हता.

"सर, आज गाडी नका काढू. मोनॉक्साइड लय येऊन राह्यला. सेल मरन."

"पाहुणे गेल्यावर मरू दे."

"तीन दिवस द्या मले. गाळणी बदलते."

"तुला विचारलंय कोणी?"

एरवी निदान 'तुम्ही' तरी म्हणत.

रिक्षा निघाली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मैदानाच्या दुसऱ्याच फेरीत ती मंदावली आणि थांबली. सरांनी माइक घेतला. "आमच्या सहायक बाईंनी व्हॉल्व चुकीचा फिरवला. रिसोडकडच्या खेड्यातल्या आहेत, शिकतील हळूहळू."

माझं डोकं फिरलं. मी आत गेले, मीटर उचलला आणि पाहुण्यांतल्या सगळ्यात वयस्कर बाईंसमोर आदळला.

"मॅडम, हा आकडा पाहा. सकाळीच मी यायले सांगतलं होतं. यायनं ऐकलं नाही."

बाईंनी आकडा पाहिला. "हे खरं आहे?" त्यांनी सरांना विचारलं. सर रुमाल शोधत राहिले. पाहुणे चहा न घेता गेले.

प्रकल्प बंद पडला. मला पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत टाकलं. घरी बाबा म्हणाले, "माफी मांग, बाई."

"कायले? खोटं ते बोलले."

मी मागितली नाही. सर आजही समोरच्याच खोलीत बसतात. जिन्यात गाठ पडली की भिंतीकडे बघून निघून जातात. त्यांची बदली होणार म्हणतात. होऊ नये. त्यांना रोज माझं तोंड दिसलं पाहिजे.