उखर्डूआबांच्या हातचं भरीत

नशिराबादच्या उखर्डूआबांनी चाळिशी उलटेपर्यंत चुलीला हात लावला नव्हता. जळगावात सरकी काढायच्या एका जिनात ते कापसाचा काटा करायचे, म्हणजे वजन. सकाळी भाकरी बांधून सायकलीवर निघायचे आणि दिवेलागणीला घरी यायचे. माणूस शांत, पण जेवणात एक खोड होती. भाजी बिघडली तर तोंडाने काही म्हणायचे नाहीत, ताट तेवढं हळूच पुढे सरकवायचे. त्यांच्या बायकोला, बेबाबाईंना, त्या सरकलेल्या ताटाची शिव्यांपेक्षा धास्ती वाटे.

स्वातंत्र्याला सहा-सात वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. थंडी पडायला लागली होती. बेबाबाई न्हाणीतल्या ओल्या दगडावर घसरल्या आणि उजवा हात मोडला. जळगावच्या डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. लेक कुंदा सासरी सावद्याला, तीही अवघडलेली. आबांची बहीण आठवडाभर राहून करून घालून गेली. मग चूल आबांच्या गळ्यात आली.

पहिल्या दिवशी त्यांनी मेथी केली. परातभर पाला बघून त्या मानाने मूठभर मीठ टाकलं. शिजल्यावर डोंगराची टेकडीसुद्धा उरली नाही, मीठ मात्र होतं तेवढंच राहिलं. आबांनी पहिला घास घेतला आणि त्यांचा हात सवयीने ताटाकडे गेला. समोर बेबाबाई डाव्या हाताने, मान खाली घालून, मुकाट्याने ती भाजी खात होत्या. आबांचा हात तिथंच थांबला.

"खारट झाली," ते म्हणाले.

"जराशी. पालेभाजीला मीठ शिजल्यावर घालावं. आता दाण्याचा कूट घाला नि एक वाफ आणा, निभावून जाईल."

कूट घातल्यावर खरंच निभावलं. ताट सरकवायचं आबांनी त्या दिवसापासून सोडलं, त्याबद्दल दोघांत कधी बोलणं झालं नाही.

पुढचे दिवस बेबाबाई चुलीशेजारी पाटावर बसून सांगत राहिल्या आणि आबा करत राहिले. भाकरी थापता थापता चिरायची. पीठ जुनं झालं, त्याची विरी गेली, चिकटपणा राहिला नाही, आता उकळतं पाणी घालून मळा, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी भाकरी तव्यावर अखंड पोचली, तेव्हा आबांनी ती आधी त्यांना दाखवली आणि मग भाजली.

बाजारात मात्र शेजारी पाट नव्हता. त्यांनी पहिल्यांदा आणलेली भेंडी दोरासारखी निघाली. शेंडा मोडून बघायचा, कट्‌कन तुटला तर कोवळी, नुसताच वाकला तर जून, हे घरी कळलं. पुढच्या बाजारी ते ताजबीच्या पाटीसमोर बसले आणि एकेक शेंडा मोडायला लागले. ताजबी बरीच वर्षं भाजी विकत होती. तिने थोडा वेळ बघितलं आणि शांतपणे विचारलं, "भाऊ, भेंडी घेणार का नुसती मोडून जाणार?" मोडलेली सगळी भेंडी आबांना घ्यावी लागली. पण तिने जाताना त्यांना वांगं हातात तोलायला शिकवलं. आकाराच्या मानाने हलकं लागलं तर आत बी कमी, जड लागलं तर बियांनी भरलेलं. साल चकचकीत हवी आणि देठ हिरवागार.

तेवढ्यात सावद्याहून निरोप आला, व्याही तोतारामभाऊ आणि विहीणबाई बेबाबाईंच्या हाताची विचारपूस करायला येतायत. तोतारामभाऊ केळीचे मोठे बागायतदार, खाण्याचे शौकीन. बेबाबाईंचा जीव खालीवर झाला. शेजारणीला बोलवू म्हणाल्या. आबा म्हणाले, "तू नुसती सांग. मी करतो."

त्या दिवशी त्यांनी भरताची हिरवी वांगी स्वतः निवडून आणली. तेलाचा हात लावला, टोचे मारले आणि परसात पऱ्हाट्यांच्या, कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर देठापर्यंत मऊ होईस्तोवर भाजली. हिरव्या मिरच्या भाजल्या, लसूण ठेचला, वांगी सोलून लाकडी बडगीत घोटली. शेंगदाणे, कांद्याची पात आणि कोथिंबीर घातली. पाहुणे दारात आले तेव्हा आबा हातपाय धुऊन, टोपी घालून ओसरीवर बसले होते. फक्त दर थोड्या वेळाने बेबाबाईंना कसं वाटतंय ते बघायचं निमित्त करून आत जात होते.

पानं वाढली. भरीत आणि कळण्याची, ज्वारी-उडदाची, भाकरी. तोतारामभाऊंनी तिसऱ्यांदा भरीत मागून घेतलं आणि आत बघून म्हणाले, "विहीणबाई, असं भरीत आमच्याकडं होत नाही. हाताले चव शे तुमच्या."

मग त्यांना तो हात आठवला. गळ्यात झोळी, झोळीत प्लास्टर. त्यांनी आबांकडे पाहिलं. आबांच्या कानशिलाला पऱ्हाटीची काजळी लागलेली तशीच होती.

व्याह्यासमोर बायकोचं काम केल्याचं उघडं पडलं, आता हे सावदाभर होणार, असं आबांना वाटलं. तोतारामभाऊ पाणी प्याले आणि म्हणाले, "वांग्यात बी कसं नाही लागलं?"

आबांनी चाचरत हलक्या वांग्याचं सांगितलं. तोतारामभाऊ जेवता जेवता पुढे विचारत गेले, मिरची कच्ची का भाजून, पात कधी घालायची. आतून विहीणबाईंचं हसणं ऐकू आलं. त्या बेबाबाईंना म्हणत होत्या की आमच्याकडं यांना तवा कुठं ठेवलाय तेही ठाऊक नाही, जाताना ह्यांना इथंच ठेवून जाऊ का आठवडाभर. बेबाबाई इतक्या हसल्या की हात दुखायला लागला.

महिन्याभराने सावद्याहून केळीचे घड आले. आणणाऱ्याने सांगितलं, भाऊंनी मळ्यात स्वतः भरीत केलं होतं, वांगी जळली, पण सगळ्यांनी खाल्लं.

प्लास्टर निघालं आणि बेबाबाईंनी चूल परत घेतली. भाकऱ्या त्यांच्याच राहिल्या. बाजार मात्र आबा सोडेनात, आणि त्यांनी आणलेलं बेबाबाईंच्या पसंतीस उतरेना. गिलके, म्हणजे घोसाळी, थोराड आणता, म्हणाल्या. शेवटी दोघं मिळून बाजारात जायला लागले. तेव्हा नशिराबादेत नवराबायको असे शेजारी शेजारी, पाटीवर वाकून, एकाच गिलक्यावरून हुज्जत घालताना दिसत नसत. लोक बघायचे. दोघांचं लक्ष गिलक्याकडे असायचं.