आधी पाणी, मग ताट

वहिनींना स्वयंपाक कुणी शिकवला नाही. सासू शिकवणार होती, पण सुनेच्या हाताला चव नाही असं तिचं मत झालं, आणि ते बदलायच्या आत ती गेली. मग वहिनी पातेली करपवत शिकल्या. नवरा निमूट जेवायचा. पुढे त्याची जेवणावरची वासनाच उडाली, त्यामुळे त्याचं खरं मत शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याच्या किडन्या गेल्या होत्या. वस्तीत हे दुखणं घराघरांत होतं. पाणी एकाच विहिरीचं, खारं आणि जड. साबणाला फेस येत नसे, आणि किटलीच्या तळाशी पांढरा थर धरायचा. डॉक्टर म्हणाले, पाणी बदला. सदरा बदला म्हणावं तितक्या सहज.

नवऱ्यामागे वहिनींनी वस्तीच्या तोंडाशी खानावळ काढली. विधवा होऊन माहेरी परतलेली धाकटी नणंद हाताशी होती, शेजारच्या दोघीतिघी आल्या. आजूबाजूचे ‘वहिनी’ म्हणायला लागले ते नणंदेचं ऐकूनच. जेवण वस्तीतलं रोजचंच: कडधान्याचं कालवण, कांदा, तिखट. मीठ घालत नसत. ते पाण्यातच होतं. त्या जड पाण्यात दाणा शिजायचा पण फुटायचा नाही, आणि दाताखाली आला की मगच विरघळायचा. शहरातली माणसं गाड्या काढून यायला लागली. ‘त्या भागाची अस्सल चव’ असं कुणीतरी छापूनही आणलं. आपण एखाद्या भागात राहतो हे वस्तीला तेव्हा कळलं.

वहिनींचा नियम एकच. ताटाआधी विहिरीच्या पाण्याचा पेला समोर ठेवायचा. “आधी हे प्या,” त्या म्हणायच्या, “आम्ही जन्मभर पितोय.” माणसं एक घोट घ्यायची, तोंड वाकडं करून पेला बाजूला सरकवायची, आणि मग त्याच पाण्यातलं कालवण बोटं चाटून संपवायची. निघताना वहिनी सांगायच्या, ओळखीत कुणी साहेब असेल तर जेवायला पाठवा. असे बरेच साहेब जेवून गेले. शेवटी पाणीखात्याचा आला. त्याने घोट घेतला, कालवण दोनदा मागून घेतलं, आणि पुढच्या उन्हाळ्याआधी नळ आला.

वहिनींनी हट्टाने विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घेतली. कुलपाची किल्ली स्वतःच्या कमरेला.

आणि कालवण बिघडलं. दाणा फुटून लगदा व्हायला लागला. वहिनींनी मीठ घालून पाहिलं, आच कमी केली, भिजवणं कमी केलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. इथे तर आडालाच कुलूप होतं. गिऱ्हाइकं आदबीने विचारायची, स्वयंपाकी बदलला का? मग तीही विचारेनाशी झाली. बाया दुपारभर रिकाम्या बाकांवर फडकं फिरवत बसायच्या. नणंदेने किल्ली मागितली.

“तुझा भाऊ त्या पाण्याने गेला,” वहिनी म्हणाल्या.

“भाऊ गेला तेव्हा आपल्या चुली तरी पेटत होत्या.”

किल्ली मिळाली नाही. पण काही दिवसांनी ऐन दुपारी एका गिऱ्हाइकाने आतपर्यंत ऐकू येईल अशी वाहवा केली. वहिनींनी पातेल्यातला दाणा चाखला. अख्खा होता. हात कमरेकडे गेला. किल्ली जागेवरच होती. कुलूप फोडायला किल्ली लागत नाही, हे त्या विसरल्या होत्या. त्यांनी पातेलं उचललं आणि भरल्या पंगतीसमोर गटारात ओतलं.

“एकदा जेवून जातात ते, वहिनी,” नणंद म्हणाली. “एका जेवणाने कोण मरतं?”

“आणि उरलेलं कोण खातं?”

उरलेलं रोज त्या बायाच खात, आणि डब्यात भरून पोरांसाठी घरी नेत.

वहिनींची खानावळ बंद झाली. नणंदेने रस्त्यापलीकडे आपली काढली. पाटीवर लिहिलं, ‘वहिनींची अस्सल चव’. विहिरीवरची जाळी वाऱ्याने उडाली, असं वस्तीने एकमुखाने ठरवलं. वहिनी पेला घेऊन पाटीखाली उभ्या राहायला लागल्या. आधी हे प्या. येणाऱ्यांना ती खानावळीचीच पद्धत वाटली. काहींनी फोटो काढले. एकाने पेला रिकामा करून आणखी मागितला. वस्तीत बोललं गेलं, बाईने नळ आणला आणि आता आमच्या पोटावर पाय देते आहे.

मग नणंदेचे पाय सुजले, पाठोपाठ चेहरा. सुजेचा अर्थ वस्तीत लहान पोरालाही कळतो. डॉक्टर म्हणाले, मीठ बंद करा, पाणी बदला.

वहिनी दोन्ही वेळा डबा पाठवायला लागल्या: नळाच्या पाण्यातला भात, वर थोडं कालवण. डबा तसाच परत यायचा. शेवटी त्या स्वतः गेल्या आणि खाटेशी बसून भात कालवला. बाहेर खानावळीत तीच अस्सल चव कुणीतरी पुन्हा मागत होतं.

नणंदेने घास घेतला आणि बराच वेळ तोंडात धरून ठेवला.

“याला चव नाही, वहिनी.”

“माहीत आहे,” वहिनी म्हणाल्या. “जेव.”