बाईंचं गाऱ्हाणं

गुहागरच्या वाटेवर एका बाईंचं कौलारू घर होतं. मनाने मोडलेली चार-पाच माणसं बाई घरी ठेवून घेत. उपचार प्रत्येकाला वेगळा, म्हणजे शिवी वेगळी. एकाला बंद दाराची धास्ती होती, तर बाईंनी त्याच्या खोलीचं दारच काढून चुलीत घातलं.

माझ्या बहिणीचा नवरा होडीसकट बुडाला आणि तिची वाचा गेली. मी मोठ्या मनाने तिला तिथे पोचवली आणि नंतर कित्येक महिने फिरकलो नाही. शेवटी गेलो, तेव्हा तिन्हीसांजेला बाई तुळशीपुढे एकेकाचं गाऱ्हाणं घालत होत्या. ते काम खरं गुरवाचं, पण बाईंना सांगणार कोण? बाकीचे प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणत होते.

बहिणीची पाळी आली. माझ्याकडे बघत बाई म्हणाल्या, "बा देवा म्हाराजा, हिच्या भावानं हिला हितं आणून टाकलान, नि आज पावण्यासारखा आलाय. त्याला जरा लाज दे रे म्हाराजा!"

सगळ्यांच्या आधी बहीण ओरडली, "व्हय म्हाराजा!"

भावाला पाहून तिला वाचा फुटली, असं मी आजवर सांगत आलो. तसं ते अगदीच खोटं नाही.