परत येणारा धूर

भवानी पेठेतल्या आमच्या शेजाऱ्यांचं दुकान चादरींचं, पण जीव सगळा गाडीत. जुन्या गाडीचं इंजिन त्यांनी शर्यतीच्या गाडीसारखं करून घेतलंय आणि मागं दंडाएवढा रुंद पाइप बसवलाय. हायवेला ती सुसाट पळते, गल्लीत मात्र गचके खाते. कुणी हसलं की ते चादरीच्या तुकड्यानं बॉनेट पुसत समजावतात, "पाइप मोठा हाय की. हळू चालवली की धुराला जोर राहत न्हाय, सोडलेला धूर परत इंजिनात शिरतो. मग ताज्या हवेला जागा कुटली?" ते स्वतःही भरभर बोलतात, भरभर जेवतात.

आमच्या आबांची कंबर धरली, तेव्हा शेजारी आपणहून त्यांना दर सोमवारी दवाखान्यात न्यायला लागले. आबांना वेगाची भीती, म्हणून गाडी सावकाश. प्रत्येक गचक्याला आबा कण्हायचे आणि पुढं यांचं तोंड उतरायचं.

एका सोमवारी गाडी एकही गचका न देता निघाली. जुना, अरुंद पाइप परत लागला होता. रुंद पाइप त्यांच्या गॅलरीत होता, नव्या चादरीत गुंडाळलेला.

"आता हायवेला पहिल्यासारखी पळायची नाही," मी म्हणालो.

"हायवे कुटं जातोय?" ते म्हणाले.

पुढं मोकळा रस्ता लागला. मागं निवांत टेकून बसलेले आबा म्हणाले, "एवढी सावकाश का रं? पळव की जरा!"

शेजाऱ्यांनी आरशात पाहिलं. मग चादरीचा तुकडा घेऊन ते आरसाच पुसायला लागले.